स्वस्थ बसण्याचं शिक्षण

भाचीनं नोकरी सोडल्याची बातमी माझ्या बहिणीनं फोनवर सांगितली, ती कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात. साल २०१९. हिंजवडीतली चौदा वर्षांची संगणकातली नोकरी, घराचे हप्ते चालू, मुलगा सातवीत. आणि ही बाई एका सकाळी राजीनामा देऊन मोकळी झाली होती. "मग आता करणार काय?" मी विचारलं. बहीण जरा थांबली आणि म्हणाली, "कोच होणार म्हणते. तब्येतीचा कोच."

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. कर्जाच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात लोक काय काय लिहितात ते मी पाहिलेलं आहे. जुन्या बारदानाचा व्यापार, लग्नाचा बँड, म्हशी भादरणं. त्या सगळ्यांना मी कर्ज दिलेलं आहे आणि बहुतेकांनी ते फेडलेलंही आहे. पण ‘तब्येतीचा कोच’ या अर्जावर मी काय शेरा मारला असता, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिची रीतसर उलटतपासणी घेतली. तू डॉक्टर होणार का? नाही. आहारतज्ज्ञ? नाही. योगशिक्षिका? तेही नाही. मग तू लोकांना सांगणार काय? ती हसली. म्हणाली, "मामा, सांगायचं नाही, हेच तर शिकायचंय."

हे ऐकून मी गप्प बसलो, कारण मला ते पटलं नव्हतं. आपल्याकडे आरोग्य हा सांगण्याचाच विषय आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला नुसतं "मला साखर आहे हो" म्हणून पाहा. श्रीखंड येईपर्यंत तुम्हाला मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस आणि नाशिकचे एक वैद्य एवढं सगळं मिळालेलं असतं. २०१८ च्या सुमारास तर मराठी घरं दोन तटांत वाटली गेली होती. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की घरचं साधं अन्न भुकेप्रमाणे थोडं थोडं खात राहा. दोघांचेही अनुयायी एकाच डायनिंग टेबलाशी बसलेले असत. आमच्याच इमारतीत सासू दीक्षितांची आणि सून दिवेकरांची असं एक घर होतं. तिथल्या सासऱ्यांचे हाल पाहून मी निवृत्तीनंतर काही काळ आहार या विषयावर बोलणंच बंद केलं होतं.

भाचीचा अभ्यासक्रम अमेरिकेतल्या एका संस्थेचा होता, संगणकावरून घरबसल्या करायचा. तो सुरू झाला आणि पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आली. सगळं जग घरी बसलं, त्यामुळे ही एकटीच घरी बसून काय करते हा बहिणीचा प्रश्न आपोआप सुटला. मी तिच्याकडून तिच्या वाचनातलं थोडंथोडं मागून घेऊ लागलो. कादंबरीकाराला दुसऱ्याच्या धंद्याची माहिती फुकट मिळाली तर हवीच असते.

कोच हा शब्दच मुळात गाडीचा आहे. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. तिथं पंधराव्या शतकापासून चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून त्या गाडीला गावाचं नाव पडलं. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेनं कोच म्हणायला सुरुवात केली. ‘होलिस्टिक’ हा शब्द त्याहून तरुण. त्याच्या मुळाशी असलेला ‘होलिझम’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या जनरल स्मट्स यांनी १९२६ साली आपल्या ग्रंथात घडवला. गांधीजींना तुरुंगात टाकणारे ते हेच स्मट्स. सगळं मिळून जे होतं ते तुकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणजे होलिस्टिक हेल्थ कोच या तीन शब्दांत एक सेनापती आणि एक घोडागाडी बसलेली आहे. हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि आपला ‘स्वस्थ’ शब्द बघ ना मामा. निरोगी म्हणजे स्वस्थ, आणि गप्प बसलेलाही स्वस्थच!"

लहानपणी आईनं "स्वस्थ बस जरा" असं हजारदा सांगितलं असेल. त्या शब्दाचा आरोग्याशी संबंध आहे हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं.

या शिक्षणात काय असतं? थोडं शरीरशास्त्र, थोडं आहारशास्त्र, झोप, व्यायाम, ताण यांच्याबद्दल जे पक्कं ठाऊक आहे ते. पण तो गाभा नव्हे. गाभा आहे तो प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं ऐकायचं याचा. त्यामागचं एक मोठं नाव म्हणजे विल्यम मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. ते दारूच्या आहारी गेलेल्यांवर काम करत. १९८२ साली ते नॉर्वेतल्या बर्गेनला गेले असताना तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना मधेच अडवून विचारू लागले, की तुम्ही रुग्णाला आत्ता हाच प्रश्न का विचारलात, दुसरा का नाही? आपण जे सवयीनं करत होतो ते मिलर यांना त्यामुळे शब्दांत मांडावं लागलं. १९८३ साली त्यांचा निबंध आला आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर पुस्तक. ‘तू दारू सोड’ असं दामटून सांगितलं की माणूस ‘मी का सोडू’ याची कारणं द्यायला लागतो, आणि ती स्वतःच्याच तोंडून ऐकता ऐकता त्याला पटत जातात. उलट, सोडावीशी वाटण्याची कारणं त्याच्याच तोंडून निघाली तर तो त्या बाजूला सरकतो. समोरचा चुकतोय असं दिसलं की लगेच त्याला सुधारायला धावणं, या आपल्या खोडीला त्यांनी एक नावही ठेवलेलं आहे. मी त्याला ‘सुधारण्याची खाज’ म्हणतो. ही खाज मला शाखाधिकारी असताना फार होती. थकबाकीदार समोर बसला की मी बोलत सुटायचो.

न्यूयॉर्कला जोशुआ रोझेन्थाल यांनी १९९२ साली काढलेली इन्स्टिट्यूट फॉर इंटिग्रेटिव्ह न्यूट्रिशन ही या क्षेत्रातली फार मोठी संस्था. त्यांचं म्हणणं, ताटातलं अन्न हे दुय्यम अन्न. प्राथमिक अन्न म्हणजे नाती, काम, शरीराची हालचाल आणि श्रद्धा. ते विद्यार्थ्याला एक वर्तुळ काढायला लावतात. त्याचे बारा भाग: घरातलं वातावरण, पैसा, मित्र, आनंद, घरचा स्वयंपाक वगैरे. प्रत्येक भागात आपण किती समाधानी आहोत त्याप्रमाणे टिंब द्यायचं आणि टिंबं जोडायची. भाचीची संस्था वेगळी होती, पण असं वर्तुळ तिथंही होतं. तिनं ते माझ्याकडून भरून घेतलं. पैशाचं टिंब माझं अगदी काठावर होतं. बँकेचं पेन्शन, दुसरं काय! मित्रांचं आणि आनंदाचं टिंब केंद्राला चिकटलेलं. टिंबं जोडल्यावर जी आकृती झाली ती चाकासारखी मुळीच नव्हती. तुटलेल्या पतंगासारखी होती.

अभ्यासक्रमात तिला सरावासाठी माणसं हवी होती. अमेरिकेत या व्यवसायाचं एक राष्ट्रीय मंडळ आहे. डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या साथीनं त्यांनी २०१७ साली पहिली परीक्षा घेतली. त्या परीक्षेला बसायचं तर पन्नास बैठकींची नोंद दाखवावी लागते. प्रत्येक बैठक किमान वीस मिनिटांची, आणि त्यातला तीन चतुर्थांश वेळ माहिती देण्यात नव्हे, तर समोरच्याला बोलतं करण्यात गेलेला असला पाहिजे. नातेवाईक या पन्नासात धरत नाहीत. "मग मला कशाला घेतेस?" मी म्हटलं. "तू नेट प्रॅक्टिस," ती म्हणाली. असा मी, कुठल्याही हिशेबात न धरलेला, तिचा पहिला माणूस झालो.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. आधी संगणकाच्या पडद्यावर, आणि २०२१ च्या हिवाळ्यापासून माझ्या घरी, खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर. पहिल्या बैठकीत मी सगळी कागदपत्रं तयार ठेवली होती. मधुमेह २०१२ पासून. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट, सगळं तारीखवार लावलेलं. तिनं ते बाजूला सरकवलं आणि विचारलं, "मामा, तुला स्वतःला काय बदलावंसं वाटतं?"

मी म्हटलं, चहा. डॉक्टर कधीपासून सांगताहेत. दुपारी चारला मी अमृततुल्यवर जातो, तो सहाला परततो. तेवढ्यात तीनचार चहा होतात.

"शून्य ते दहा अशा पट्टीवर सांग, हा चहा कमी करणं जमेल याची तुला किती खात्री आहे?"

"तीन."

आता ती म्हणेल, फक्त तीनच का? माझ्याजवळ उत्तर तयार होतं. अमृततुल्यचा चहा पितळी पातेल्यात साखरेसकटच उकळतो, त्यात बिनसाखरेचा मागायची सोयच नसते, वगैरे. पण तिनं उलटं विचारलं, "तीन का? शून्य का नाही?"

मी थांबलो. या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि ती काही सुचवेना. वीस एक सेकंद गेले असतील. बँकेत काउंटरवर वीस सेकंद कुणी गप्प उभं राहिलं तर मागची रांग ओरडायला लागते. शेवटी मीच म्हटलं, "कारण मला तो चहा फारसा आवडतच नाही. फार गोड असतो."

मग मी तिथं जातो कशाला? हे तिनं विचारलंसुद्धा नाही. तो प्रश्न माझा मलाच पडला आणि उत्तरही मीच दिलं. तिथं आमच्या बँकेतली पाचसहा निवृत्त मंडळी जमतात. तिथं मला अजून ‘साहेब’ म्हणतात. एरवी दिवसभरात मला कुणीच काही म्हणत नाही. घरात मी एकटा. माझी पत्नी २०१६ साली गेली.

डॉक्टरांनी दहा वर्षं माझी साखर मोजली आणि ती बरोबरच मोजली. पण माझ्या चहातली साखर नेमकी कशासाठी होती ते कुठल्याच रिपोर्टात येत नव्हतं. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा ६७ देशांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत रक्तदाब घ्यायचा, जीभ बघायची आणि कागद लिहायचा. त्यात ‘साहेब’ कुठं बसणार?

उपाय फार मोठा निघाला नाही. मीच ठरवलं की जायचं तर रोज, पण बसायचं समोरच्या कट्ट्यावर, आणि एक हाफ घ्यायचा, तो शेवटी, उठताना. पहिल्या आठवड्यात जमलं, दुसऱ्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात मंडळीच कट्ट्यावर येऊन बसू लागली, कारण तिथं ऊन नव्हतं. सहा महिन्यांनी माझा आकडा ७.३ झाला. डॉक्टरांनी "छान" म्हटलं. गोळी तीच ठेवली.

पण मला लिहायचंय ते या आकड्याबद्दल नाही. चौथ्या की पाचव्या गुरुवारी बोलता बोलता माझ्या पत्नीचा विषय निघाला. तिलाही मधुमेह होता, माझ्याआधी आठ वर्षांपासून. मी भाचीला मोठ्या अभिमानानं सांगितलं, की तुझ्या मामीच्या साखरेचं मी लेजर ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं. बँकेची जुनी लांबट वही. उपाशीपोटीची एका रकान्यात, जेवणानंतरची दुसऱ्यात, मर्यादेबाहेर गेली की तांबड्या शाईत. दर महिनाअखेरीला मी तिला बसवून तो हिशेब वाचून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची. ती गेल्यावर स्वयंपाकघर आवरताना साबुदाण्याच्या डब्यात मला कागदात गुंडाळलेली चिक्की सापडली. वरच्या फळीवरच्या दुसऱ्या डब्यात आणखी थोडी. मी हे भाचीला सांगितलं आणि म्हणालो, "बघ, इतकी काळजी घेऊनसुद्धा माणसं फसवतात."

भाची माझ्याकडे बघत राहिली. मामीच्या हातची चिक्की तिनंही लहानपणी खाल्लेली होती. मग अगदी हळू म्हणाली, "तुला भीती वाटत होती, म्हणून तू वही ठेवलीस."

प्रश्न नव्हता तो. मी जे बोललो होतो त्यातलं न बोललेलं तिनं फक्त माझ्यासमोर ठेवलं. मला भीती वाटत होती. बारा वर्षं रोज वाटत होती, आणि मी तिला ती एकदाही सांगितली नाही. तांबड्या शाईत लिहीत राहिलो. तिलाही वाटत असणार. ती चिक्की खात असताना तिच्या मनात काय असायचं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मी बराच वेळ काही बोललो नाही. माझी बहीण असती तर ती उठून पाणी घेऊन आली असती, पाठीवरून हात फिरवत "जाऊ दे रे" म्हणाली असती, आणि ते खरंच गेलं असतं. भाची उठली नाही. ती स्वस्थ बसून राहिली. तिलाही ते सोपं गेलं नसणार, तिचे डोळे भरले होते. शेवटी निघताना म्हणाली, "मामा, हे माझ्या कामाच्या पलीकडचं आहे. यासाठी समुपदेशक असतात. एकीचा नंबर तुला देऊ का?" ‘देऊ का’ असं विचारलं, हातात दिला नाही. मी घेतला. दोनदा गेलोही. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

आपल्या कामाची कड कुठं संपते ते तिला माहीत होतं, हे मला त्या दिवशी तिच्या प्रश्न विचारण्याहून महत्त्वाचं वाटलं. कोचनं रोगाचं निदान करायचं नाही, औषध सुरू करायचं नाही, बंद करायचं नाही, रिपोर्टचा अर्थ लावायचा नाही. हे तिच्या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यापासून घोटून घेतलेलं होतं. आणि बैठकीत बोललेलं बाहेर जाता कामा नये. आम्ही बँकेत रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायचो, तसंच. तिच्या बाकीच्या माणसांच्या गोष्टी मी खूप मागून पाहिल्या, कादंबरीच्या लोभानं. एकही मिळाली नाही.

धंदा म्हणून तिचं काय चाललंय ते मात्र ती सांगते. पहिल्या वर्षीची कमाई हिंजवडीतल्या दोन पगारांएवढीही नव्हती. लोक येतात आणि चार्ट मागतात. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, ते छापील पाहिजे. ती म्हणते, चार्ट हवा असेल तर मी चांगल्या आहारतज्ज्ञ सांगते, माझ्याकडे आपण तो चार्ट का पाळला जात नाही ते बघू. "चार्ट नाही? मग पैसे कशाचे?" असं म्हणून एक गृहस्थ उठून गेले. एका बाईनं थायरॉइडची गोळी कशी बंद करायची ते विचारलं. ती म्हणाली, ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचं, हवं तर काय विचारायचं त्याचे प्रश्न आपण मिळून लिहून काढू. बाई पुन्हा आल्या नाहीत. दुसऱ्या कुणी त्यांना बंद करायला सांगितली का, हे तिला कळलं नाही, आणि ते तिला अजून टोचतं.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असा हिशेबी प्रश्न मी तिला विचारला होता. तिनं मला अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीचा अहवाल आणून दिला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं. एका गटाला मेटफॉर्मिन, एकाला नुसती गोळीसारखी गोळी, आणि एका गटाला प्रत्येकी एक मार्गदर्शक, ज्याला ते लाइफस्टाइल कोच म्हणत. सोळा बैठका, वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच ध्येय. सरासरी पावणेतीन वर्षांनी पाहिलं तर गोळीनं मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं होतं, आणि कोचच्या गटात ५८ टक्क्यांनी. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर असाच प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथं फरक साडेअठ्ठावीस टक्क्यांचा पडला. अमेरिकेच्या निम्मा, पण गोळीच्या तोडीचा. आपल्या देशात दहा कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास उंबरठ्यावरचे, असं २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीतून पुढे आलं. त्यांना मिनिटं कोण देणार?

आणि नेमकी इथंच मला धास्ती वाटते. आपल्याकडे डॉक्टर म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. ‘हेल्थ कोच’ अशी पाटी लावायला कुणाचाच परवाना लागत नाही. माझ्या भाचीनं दोन वर्षं घासली. दुसरा एखादा शनिवार-रविवारच्या शिबिरात बिल्ला घेऊन सोमवारी दुकान उघडतो.

आमच्या शाखेतले हेडकॅशियर माझ्याच वर्षी निवृत्त झाले. माणूस असा, की शंभराचं बंडल बोटांतून सोडलं की डोळे मिटून सांगायचा, एक नोट कमी आहे. २०२२ साली त्यांना असा एक बिल्लेवाला भेटला. त्याच्याकडे पावडरीचे डबे होते आणि फार गोड आवाज होता. गोळ्या म्हणजे विष, शरीर आपोआप बरं होतं, वगैरे. हेडकॅशियरांनी रक्तदाबाची गोळी सोडली. पाच महिन्यांनी एका पहाटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला तो अजून पुरता परत आलेला नाही.

मी दर बुधवारी त्यांच्याकडे जातो. सुरुवातीला मी तेच केलं, जे मी जन्मभर केलं. म्हटलं, अहो, इतके शिकलेसवरलेले तुम्ही, त्या भामट्याचं ऐकलंत कसं? ते मान खाली घालून बसायचे. त्यांच्या सौभाग्यवती आतून चहा आणायच्या आणि विषय तिथं संपायचा. एका बुधवारी मात्र मी तोंड आवरलं. म्हटलं, "ती गोळी घेत होता तेव्हा कसं वाटायचं तुम्हाला?"

त्यांनी पायांकडे बघितलं. म्हणाले, "साहेब, पाय सुजायचे. संध्याकाळी चप्पल चढायची नाही. पर्वतीला जाणं बंद झालं होतं माझं." चाळीस वर्षं ते रोज पहाटे पर्वती चढत. त्या गोळीनं काही जणांचे पाय सुजतात ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असते, आणि तसं झालं तर बदलून द्यायला दुसऱ्या गोळ्याही असतात. आता त्यांना दुसरीच चालू आहे आणि पाय सुजत नाहीत. पण त्या वेळी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. "विचारलं नाही कुणी," ते म्हणाले. "मागं एवढी रांग. चप्पल चढत नाही हे काय सांगायचं?" तो पावडरवाला त्यांना पहिल्या भेटीत तासभर भेटला होता. त्यानं पायांबद्दलही विचारलं होतं.

हे लिहायची परवानगी त्यांनी मला दिली आहे, नाव घालणार नाही या अटीवर.

व्यायामासाठी त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली आहे. वर्तमानपत्राचे नोटेच्या आकाराचे शंभर तुकडे कापून घेतलेत. स्पंजची जुनी वाटीही कुठून तरी शोधली. उजव्या हाताच्या बोटांनी ते मोजतात. गेल्या बुधवारी मी बसलो होतो तेव्हा मोजणं चालू होतं. सव्वीसला तुकडा निसटला आणि खाली पडला. मी उचलायला वाकलो, तसे ते म्हणाले, "राहू द्या साहेब." मी हात मागे घेतला आणि खुर्चीत टेकून बसलो. त्यांनी वाकून, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा तो तुकडा उचलला, स्पंजला बोट लावलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.